सोनपेठचा पहिला कॉम्प्युटर

सोनपेठला पहिला कॉम्प्युटर आमच्या घरात आला आणि पूजा झाल्या क्षणापासून तीन आठवडे तो मेलेला होता. ही गोष्ट गावात कुणी सांगत नाही. गावात सांगतात ती अशी, की माझ्या सासऱ्यांनी काळाची पावलं ओळखून कॉम्प्युटर आणला. सासरे गेले तेव्हा शोकसभेत एका गृहस्थांनी हेच सांगितलं आणि मी पहिल्या रांगेत बसून मान हलवली. आता मान हलवायचा कंटाळा आला आहे, म्हणून लिहायला बसले.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. मामांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. आठ मशीन, आठ स्टुलं आणि भिंतीवर मामांच्याच अक्षरात लिहिलेली शिस्तीची पाटी. नव्वद साल उलटलं होतं. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही, यावर एसटीत आणि हॉटेलात माणसं अजून हातघाईवर येत होती. आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये त्या विषयाला बंदी होती. टायपिंगला जात नसते, असं मामा सगळ्यांसमोर ठणकावून सांगत आणि पाण्याचे माठ दोन ठेवत.

मी पूर्णेची. वडील रेल्वेत. इंग्रजी चाळीस आणि मराठी तीस या टायपिंगच्या दोन्ही परीक्षा मी लग्नाआधीच पास झाले होते. माझं स्थळ पसंत पडलं त्यात माझ्या तोंडावळ्याचा वाटा किती आणि त्या दोन सर्टिफिकिटांचा किती, हे मी कधी विचारलं नाही. लग्नाच्या पंधराव्या दिवशी मला मशीनवर बसवलं. सकाळच्या दोन बॅच मी शिकवायची आणि दर शनिवारी आठही मशीन साफ करायची. रिबनीच्या शाईचा मळ इंग्रजी ‘ओ’ आणि ‘ई’च्या पोटात जाऊन बसतो, मग कागदावर अक्षराऐवजी काळा ठिपका उमटतो. तो मळ टाचणीनं कोरून काढावा लागतो. हे काम इतकी वर्षं केल्यामुळे कुठंही बारीक भोक दिसलं की माझा हात आपोआप टाचणीकडं जातो.

गंगाखेडला कॉम्प्युटर क्लास निघाल्याची बातमी आली आणि आमच्या दोन बॅच एका महिन्यात ओस पडल्या. माझ्या नवऱ्याची झोप उडाली. त्याच दिवाळीच्या आधी माझा धाकटा भाऊ पुण्याहून पूर्णेला आला होता, नवरा त्याला भेटायला गेला. तो तिथं एका कंपनीत होता. त्याच्या साहेबाला नवा लॅपटॉप मिळाला म्हणून साहेबाचा जुना ह्याला मिळाला होता, आणि आता ह्यालाही टेबलावरचा कॉम्प्युटर मिळाल्यावर हा जुना रिकामा पडला होता. ‘दाजी, तुमच्या इन्स्टिट्यूटला घेऊन जा,’ तो म्हणाला. तो लॅपटॉप म्हणजे दोन विटा एकावर एक ठेवाव्यात एवढा जाड होता. मांडीवर घेतला तर मांडीला मुंग्या यायच्या.

माझ्या नवऱ्यानं तिथंच, पूर्णेत, तो स्वतः चालवून पाहिला. स्वतः, हे मी मुद्दाम लिहिते. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, भावानं त्याच्याकडून नावगाव टाइप करून घेतलं, आणि वहीच्या चार पानांवर सगळं मराठीत लिहूनही दिलं. शेवटची ओळ होती, ‘काही अडलं तर हात लावू नका, मला कळवा, मी येतो.’ आमच्या घरातल्या माणसांना ‘हात लावू नका’ असं कुणी सांगितलं, की त्यांचे हात जास्तच शिवशिवतात.

खंडेनवमीला आमच्याकडं दरवर्षी आठ मशीनची पूजा व्हायची. त्या वर्षी नववं मशीन मधल्या टेबलावर, पाटावर मांडलं. उद्घाटनाला गावातले डॉक्टर, दोन गुरुजी, सोसायटीचे चेअरमन आणि ज्यांना बोलावलं नव्हतं ते सगळे आले. फीत म्हणून टाइपरायटरची जुनी रिबन बांधली होती. ती कापताना चेअरमनांची बोटं काळी झाली आणि ती त्यांनी पांढऱ्या धोतराला पुसली. तिथूनच शुभशकुनाला सुरुवात झाली.

आमच्याकडं लग्नात अक्षता ज्वारीच्या असतात. रंगवलेली ज्वारी सगळ्यांना मूठभर वाटायची, फेकायची, कोंबड्यांचंही भागतं. पण कॉम्प्युटरसाठी मामांनी खास तांदूळ काढायला लावला. ‘कॉम्प्युटर हाय, ज्वारी काय टाकायलाव त्याच्यावर?’ ते म्हणाले. मी कुंकवात तांदूळ कालवला आणि तबकातून सगळ्यांना वाटला. लॅपटॉपचं झाकण उघडं होतं. नवऱ्यानं एकेका बटणावर हळदीकुंकवाचं बोट टेकवलं. मग मामांनी मंत्र म्हटला आणि अक्षता वाहिल्या.

वाहिल्या हा शब्द मी केवळ आदरापोटी वापरते. मामा अक्षता मारत. लग्नात त्यांच्या समोरच्या बाजूला उभं राहायला नवरदेवाचे मित्रसुद्धा तयार नसायचे. त्यांचं बघून बाकीच्यांनीही सगळ्या बाजूंनी मुठी रिकाम्या केल्या. मग नारळ फोडायचा म्हणून मामांनी झाकण मिटायला सांगितलं, पाणी उडायला नको म्हणून. एवढी काळजी त्यांनी घेतली, हेही लिहिलं पाहिजे. झाकणावर हार घातला, नारळ फुटला, खोबरं वाटलं, आणि मग झाकण उघडून नवऱ्यानं बटण दाबलं.

हिरवा दिवा लागला. आतून गुरगुर ऐकू आली. पडदा काळाच राहिला.

‘दोन मिनिटं लागतात,’ नवरा म्हणाला. दोन मिनिटं झाली, दहा झाली. कुणीतरी खोबरं संपल्याचं निमित्त करून निघालं, मग दुसरं निघालं. डॉक्टरांनी जाताना पडद्याला हात लावून ‘ताप तर नाही’ असा विनोद केला आणि आम्हाला हसावं लागलं. शेवटी आम्ही तिघंच उरलो. नवरा ते बटण बंद-चालू, बंद-चालू करत होता, विहिरीवरचं डिझेल इंजिन हँडल मारून सुरू करतात तसा.

दुसऱ्या दिवसापासून उपचार सुरू झाले. गावात ज्याला त्याला कॉम्प्युटर कळत होता. कॉम्प्युटरला एसी लागतो, हे सगळ्यांनीच ऐकलेलं होतं. एसी नव्हता म्हणून घरातला कूलर, वाळ्याच्या ताट्या भिजवून, टेबलासमोर लावला. दिवसभर लॅपटॉपवर ओलं वारं सोडलं आणि आम्ही घामाघूम होऊन बाजूला बसलो. त्या खोलीत चपला घालून जायची बंदी झाली. सर्दी झालेल्या एका विद्यार्थिनीला मामांनी दारातूनच परत पाठवलं, कारण कॉम्प्युटरला व्हायरस होतो असं त्यांनी पेपरात वाचलं होतं.

मग बॅटरीवर संशय गेला. टॉर्चचे सेल उतरले की आमच्याकडं ते उन्हात ठेवतात, दोन दिवस जास्त चालतात. मामांनी लॅपटॉपची बॅटरी काढून माळवदावर उन्हात ठेवली, माझ्या वाळत घातलेल्या मिरच्यांशेजारी. सकाळी न्यायची, संध्याकाळी आणायची, हे माझं काम. चार दिवसांनी मिरच्या वाळल्या. बॅटरी होती तशीच होती.

त्यानंतर रेडिओ मेकॅनिक आला. त्यानं लॅपटॉपला कान लावला, वास घेतला आणि सांगितलं, ‘पिक्चर ट्यूब गेलीया.’ ह्यात ट्यूब बसेल कुठं, असं मी विचारलं. ‘वैनी, तुमाला टायपिंगमधलं कळतं, हे येगळं हाय,’ तो म्हणाला. घड्याळजीकडून बारीक पेचकस आणून त्यानं खालचं झाकण खोललं, आत बघून मान डोलवली आणि परत बंद केलं. एक स्क्रू उरला. तो त्यानं प्रामाणिकपणे काडेपेटीत घालून आमच्या हवाली केला.

इकडं ‘येथे कॉम्प्युटर शिकविला जाईल’ अशी पाटी रंगवून झाली होती आणि मुलं नाव घालून बसली होती. नवऱ्यानं पुठ्ठ्यावर कॉम्प्युटरचं चित्र काढलं, बटणं रंगवली आणि मुलांना थिअरी शिकवायला लागला. मुलं पुठ्ठ्यावर बोटं आपटत बसायची. खरा लॅपटॉप शेजारी भरतकामाच्या रुमालाखाली झाकलेला असायचा. शेजारच्या बायका मला विचारायच्या, ‘तुमच्या भावानं दिलेला त्यो मुका टीव्ही कसा हाय?’

भावानं दिलेला. सगळं तिथं येऊन थांबलं. पहिले चार दिवस तो ‘आमचा कॉम्प्युटर’ होता. पडदा काही उजळेना तसा तो ‘तुझ्या भावाचा’ झाला. मी दहा वेळा म्हटलं, त्यानं लिहून दिलंय, त्याला कळवा, तो येईल.

‘कशाला?’ मामा म्हणाले. ‘ज्यानं दगा दिला त्यालाच इचारायचं का, कसा दिलास म्हणून?’

‘मामा, यांनी चालू बघितलाय तो पूर्णेत.’

‘बाजारात बैल बी चालतोच की, सूनबाई. घरी आणल्यावर बसतो.’

मी नवऱ्याकडं बघितलं. त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं, हातानं टाइप केलं होतं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, ‘चारच मिनटं बघितला व्हता मी. काय सांगावं.’ त्या चार मिनिटांचा राग मी अजून सोडलेला नाही आणि सोडणारही नाही.

मामांनी भावाला पत्र लिहायचं ठरवलं. म्हणजे ते सांगणार आणि मी टाइप करणार. घरात मराठीचा हात सगळ्यात चांगला माझाच होता, त्यामुळे त्यांना त्यात काही गैर वाटलं नाही. ते येरझारा घालत सांगत होते. ‘आपण दिलेले यंत्र निकामी निघाले असून त्यामुळे या संस्थेची गावात नाचक्की झाली आहे. आपण हे जाणूनबुजून केले असावे, असे मानण्यास जागा आहे.’ माझ्याच भावाविरुद्ध माझी बोटं तीसच्या स्पीडनं चालली होती. एकही चूक झाली नाही. परीक्षेत इतका स्वच्छ कागद मी दिला नव्हता.

मामांनी सही केली, पाकिटावर पत्ता घाल म्हणाले आणि हात धुवायला गेले. मी कागद परत मशीनवर चढवला. सहीखाली चार बोटं जागा होती. आणि तिथं मी माझ्या मनानं एक ओळ घातली. ‘मला इथं तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, माझ्या दारात परत येऊ नकोस.’

मला ही ओळ कुणी सांगितली नव्हती. दहा-बारा दिवस सकाळ-संध्याकाळ ऐकून मला खरंच वाटायला लागलं होतं, की त्यानं मोडकी वस्तू आपल्या गळ्यात मारली. ज्याला मी कडेवर घेऊन पूर्णेच्या फलाटावर गाड्या दाखवल्या, तो मला फसवेल असं मला वाटलं. सासरच्यांना नावं ठेवायला मी पुढं असते, पण ती ओळ माझी होती. हे लिहायला मला जड जातं.

पत्र गेलं. उत्तर आलं नाही. दिवाळी आली, पाडवा झाला, भाऊबीज उजाडली. दरवर्षी तो सकाळच्या एसटीनं यायचा, हातात पुण्याची बाकरवडी आणि तोंडात ‘अक्का, भूक लागलीय’. मी ‘येऊ नकोस’ लिहिलं होतं आणि तरी सकाळपासून तीन वेळा दारात जाऊन स्टँडकडं बघून आले. ओवाळणीचं ताट उगाच तयार करून ठेवलं होतं. दुपारी नवरा आणि मामा जेवून आडवे झाले. मी इन्स्टिट्यूटच्या खोलीत गेले.

मी ठरवलं होतं, की लॅपटॉप कुणाबरोबर तरी पूर्णेला परत पाठवायचा. पण तसा घाणेरडा कसा पाठवायचा? बटणांवर हळदीकुंकू वाळून चिकटलं होतं. रुमाल काढला, झाकण उघडलं आणि शनिवारी टाइप साफ करते तशी टाचणी घेऊन बसले. एकेका बटणाच्या कडेचं कुंकू कोरत वरच्या ओळीपर्यंत आले. तिथं, झाकणाच्या बिजागरीशेजारी, एक बारीक भोक होतं आणि त्यात कडेला लाल काहीतरी दिसत होतं. मी टाचणी घातली आणि उचकलं.

तांदळाचा दाणा उडून माझ्या मांडीवर पडला. भोकातून टक् करून एक प्लास्टिकची खुंटी वर आली, उडदाच्या डाळीएवढी.

मी झाकण मिटलं तशी ती खुंटी दबली, उघडलं तशी वर आली. दोनदा केलं, तिसऱ्यांदा करायची गरज नव्हती. झाकण मिटलंय की उघडंय, हे त्या यंत्राला त्या खुंटीवरून कळत होतं. पूजेच्या वेळी मामांची अक्षता तिथं जाऊन पडली होती, नारळासाठी झाकण मिटल्यावर खुंटी खाली गेली होती आणि शेजारी दाणा पाचरीसारखा बसला होता. तीन आठवडे त्या बिचाऱ्या यंत्राला वाटत होतं की आपलं झाकण बंद आहे, मग पडदा उजळायचा कशाला? ज्वारी असती तर त्या भोकात शिरली नसती. मोठेपणासाठी तांदूळ काढला होता.

बटण दाबलं. गुरगुर झाली. पडदा उजळला आणि पांढरी अक्षरं आली, आणि मी स्टुलावर बसून रडले. आनंदानं नाही. मला माझी ती ओळ दिसत होती.

मग मी दोघांनाही झोपेतून उठवून आणलं. नवरा पडद्याकडं बघतच राहिला. मी दाणा तळहातावर धरला. मामांनी चष्मा लावला, दाणा बघितला, पडदा बघितला, परत दाणा बघितला.

‘अक्षता हाय,’ ते म्हणाले. ‘म्हंजी मुहूर्त न्हवता. देवानंच थांबवून धरलं व्हतं.’

नवऱ्याला वाचा फुटली ती अशी. ‘तुझ्या भावानं सांगायला नको व्हतं का, इथं भोक हाय म्हणून?’

मी मराठी मशीनवर जाऊन बसले, कोरा कागद चढवला. ‘मामा, माफीचं पत्र सांगा. मी टाइप करते.’

‘घरातल्या घरात कसली पत्रं लिवायलाव,’ मामा म्हणाले. ‘रिबन लय महाग झालीया. चहा ठेवा आधी.’

संध्याकाळपर्यंत चेअरमन, डॉक्टर आणि दोन्ही गुरुजी येऊन पडदा बघून गेले. मामा सगळ्यांना सांगत होते, भाऊबीजेच्या मुहूर्तावर चालू केला. पुठ्ठ्याचा कॉम्प्युटर चुलीत गेला. माझ्या भावाचं नाव कुणी काढलं नाही, कारण लॅपटॉप पुन्हा आमचा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणाला न विचारता पहिल्या एसटीनं निघाले आणि परभणीला बदलून पूर्णेला गेले. दाणा कागदाच्या पुडीत बांधून घेतला होता. भाऊ घरीच होता, दुपारच्या गाडीनं पुण्याला जायला बॅग भरत होता. मी त्याला पुडी उघडून दाखवली आणि सगळं सांगितलं. त्यानं दाणा चिमटीत धरला, उजेडात बघितला आणि थोडा हसला.

‘मामांचं पत्र हाय हे मला कळालं व्हतं, अक्का,’ तो म्हणाला. ‘त्याचं काय वाटलं न्हाई. सहीखालची ओळ कोणाची?’

मला खोटं बोलता आलं असतं. मामांचीच म्हटलं असतं तर त्यानं मानलंही असतं, त्याला तेच हवं होतं.

‘माझी,’ मी म्हटलं.

त्यानं दाणा पुडीत परत ठेवला. आईनं पाट मांडला, तो बसला. मी कुंकू लावलं, ओवाळलं. आईनं ताटात दुसरे तांदूळ ठेवले होते, तेच त्याच्या कपाळाला लावले. पुडीतला दाणा मी तसाच परत नेला, त्यानं आधीच पुरे काम केलं होतं. मग भाऊ माझ्या पाया पडला, बॅग उचलली आणि स्टेशनवर गेला.

लॅपटॉप पुढं चार वर्षं चालला. त्याच्यावर शिकलेली पोरं आता मोठ्या पगारावर आहेत आणि मामांची आठवण काढतात. भावाशी माझं चांगलं आहे, फोन होतात, त्याच्या मुलांच्या लग्नात मी महिना-महिना राहून आले. भाऊबीजेला मीच त्याच्याकडं जाते, आधी पूर्णेला, आता पुण्याला. सोनपेठला आमच्या घरी तो त्यानंतर एकदाही आला नाही. मामा गेले तेव्हा आला, तोही परस्पर नदीवर आला, घाटावर माझ्या नवऱ्याला भेटला आणि तिथूनच परत गेला. मी त्याला कधी ये म्हटलं नाही, म्हणायची सोय मी ठेवलेली नाही. स्वच्छ टाइप करून दिलं होतं मी त्याला. त्यानं ते पाळलं.